जंगलाचा पैसा, गावाची सही

वर्ध्यातल्या एखाद्या शिक्षकाची किंवा तहसील कचेरीतल्या कारकुनाची पगाराची पावती पाहा. भविष्य निर्वाह निधी, विमा, पतसंस्थेचा हप्ता अशा कपातींच्या गर्दीत एक लहानसा आकडा असतो : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तो ३०० होतो आणि वर्षाचे २५०० भरतात. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला २५०० रुपयांचं कुंपण घातलंय आणि १९८८ पासून ते हललेलं नाही. रक्कम इतकी किरकोळ, की ती कशासाठी कापली जाते हे विचारायला कोणी आस्थापना शाखेत जात नाही.

हा कर १९७५ साली बसला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराकडून, व्यापाऱ्याकडून, डॉक्टर-वकिलाकडून घ्यायचं आणि कोरडवाहू गावात माती-पाणी अडवणाऱ्या मजुराच्या हातावर ठेवायचं, असा हा व्यवहार होता. निसर्ग राखायला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला महाराष्ट्राने कायद्याने दिलेलं हे एक उत्तर. आज पर्यावरणाच्या परिषदांमध्ये ‘संवर्धनासाठी निधी’ हा मोठा विषय असतो. पण त्या काळी रोजगार हमीचा कायदा मागणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी स्वतःला पर्यावरणवादी म्हटलं असतं. त्यांना काम हवं होतं. बांध, तलाव, झाडं ही त्या कामातून आली.

१९७० ते ७३ या काळात महाराष्ट्रात पाऊस हुकत गेला. १९७२ चा दुष्काळ अजून घराघरांत ‘बहात्तरचा’ या नावाने ओळखला जातो, आणि तेव्हा खायला मिळालेल्या सुकडी व मिलोचं नाव काढलं की त्या पिढीतली माणसं बोलू लागतात. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, तलाव, नालाबांध अशी कामं. मजुरांचे मोर्चे तहसिलींवर जात होते. शहाद्याकडे श्रमिक संघटना उभी राहिली होती. लाल निशाण पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट असे सगळे दुष्काळी कामांच्या प्रश्नावर रस्त्यावर होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध निघाल्या होत्या. सरकार आणि रस्ता यांच्यात त्या वर्षांत जेवढं बोलणं झालं, तेवढं एरवी पाच वर्षांत होत नाही.

कल्पनेचा जनक मात्र सभागृहात होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव भागातले. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या तालुक्यात विसापूरला करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलली आणि १ मे १९७२ पासून रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यभर सुरू झाली. पण ती योजना होती. शासन निर्णयावर चालणारी गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने बंद होते. म्हणून कायद्याचा आग्रह धरला गेला. १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याची रचना मला फार हुशारीची वाटते. पैसा अर्थसंकल्पात दरवर्षी मागायचा नाही, तर करच त्याच्या नावाने लावायचे : व्यवसाय कर, वाहनांवर व विक्रीवर जादा कर, बागायती जमिनीवर अधिभार, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर कर. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. हे झालं पैशाचं. खरी कळ दुसऱ्या टोकाला होती. काम कधी निघेल हे अधिकारी ठरवत नव्हता. मजुरांनी मागणी केली, पन्नास जण जमले आणि जवळपास चालू काम नसेल, तर १५ दिवसांत काम काढणं प्रशासनावर बंधनकारक होतं. नाही काढलं तर बेकारी भत्ता, अगदी सुरुवातीला रोजचा एक रुपया. रुपया थोडाच होता, पण तो द्यावा लागला म्हणजे कोणीतरी कामात कसूर केली हे कागदावर आलं.

त्यासाठी जो कागद भरायचा त्याचं नाव ‘नमुना ४’. नाव, वय, किती दिवस काम हवं, सही किंवा अंगठा. आणि हा अर्ज दिल्यावर जी तारीख घातलेली पोच मिळते ती ‘नमुना ५’. रोहयोवर काम करणारे कार्यकर्ते गावात गेले की सगळ्यात आधी हीच विचारणा करतात : नमुना ४ भरला का, पोच घेतली का? अर्ज घेतला पण पोच दिली नाही, तर १५ दिवस कुठून मोजायचे? ग्रामपंचायतीत ‘ठेवून जा, बघू’ म्हणून अर्ज ठेवून घेणं ही या कायद्याला बगल देण्याची सर्वात सोपी रीत. त्यामुळे पोच मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहणं हेही एक आंदोलनच ठरलं. कायदा मागणं आणि कायदा राबवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला सत्कार मिळत नाहीत.

या पैशातून राज्यात पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, वावरांचे धुरे बांधले गेले, टेकड्यांवर सलग समतल चर खणले गेले, वनीकरण झालं. मातीकाम मोजायचं परिमाण बरास, म्हणजे शंभर घनफूट. किती बरास खोदले त्यावर मजुरी, आणि ती हजेरीपटावर. १९९० पासून फळबाग लागवड योजनेत आली. संत्र्याच्या पट्ट्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या तालुक्यांसाठी ती बाब महत्त्वाची. सगळं गोड मात्र नव्हतं. पाझर तलावाने पाणी वाढलं ते ज्याच्या विहिरीत, तो बहुधा जमीनवाला होता. तलाव खोदणाऱ्या बाईच्या घरी विहीरच नव्हती. जमा झालेला कर आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या तफावतीवर अभ्यासक वर्षानुवर्षं बोट ठेवत आले. रस्ते आणि खडीची कामं सोपी, म्हणून तीच जास्त निघाली. तरीही एक गोष्ट या कायद्याने करून दाखवली : पैशाची कळ मागणाऱ्याच्या हातात देता येते.

दुसरा कायदा आहे तो नेमका उलट बाजूने बांधलेला.

धरण, खाण, महामार्ग, विजेची लाईन यांसाठी वनजमीन दिली जाते तेव्हा प्रकल्पवाल्याने दोन गोष्टींचे पैसे भरायचे असतात. एक, दुसरीकडे झाडं लावण्याचा खर्च. दोन, जे जंगल गेलं त्याचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे ते जंगल उभं असतं तर त्यातून जे मिळत राहिलं असतं त्याची आजची किंमत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. जंगलाच्या प्रतीनुसार दर. गोदावर्मन खटल्यात २००२ मध्ये न्यायालयाने हा पैसा एका स्वतंत्र निधीत ठेवायला सांगितलं, कारण राज्यं तो घेत होती आणि झाडं लावत नव्हती. मग तो पैसा दिल्लीत साठत गेला. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात एक आकडा आहे : २००६ ते २०१२ या काळात वनजमिनीच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली २८,०८६ हेक्टर. जमिनीचा चौथ्या हिश्श्याहून जेमतेम थोडा जास्त भाग हाती आला, आणि प्रत्यक्ष लागवड त्याहून कितीतरी कमी.

या भरपाई निधीसाठीचं विधेयक पहिल्यांदा २००८ मध्ये आलं आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. २०१५ मध्ये पुन्हा आलं. तोवर रक्कम ४० हजार कोटींच्या आसपास गेली होती. पैसा राज्यांना वाटायचा, ९० टक्के राज्यांना, १० टक्के केंद्राकडे, हा मुख्य मुद्दा. सगळ्या राज्यांना तो हवाच होता, त्यामुळे विरोध करणाऱ्याला विकासाचा किंवा झाडांचा शत्रू ठरवणं सोपं होतं. वनहक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना, त्यांत ‘कॅम्पेन फॉर सर्व्हायव्हल अँड डिग्निटी’सारखी देशव्यापी आघाडी, यांची मागणी मात्र पैशाला विरोध करण्याची नव्हती. त्या विचारत होत्या : हा पैसा कोणाच्या जमिनीवर खर्च होणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सीमेतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग त्याच जंगलात कोणती झाडं, कुठे, कशी लावायची, हे ग्रामसभेच्या संमतीशिवाय ठरवायचं कसं?

घोडं पेंड खातं ते इथेच. विधेयकात ग्रामसभा नव्हतीच. लोकसभेने ते मे २०१६ मध्ये मंजूर केलं. राज्यसभेत जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीची दुरुस्ती पुढे केली. पर्यावरण मंत्री अनिल माधव दवे यांनी नियम करताना ही बाब घेऊ असं आश्वासन दिलं आणि २८ जुलै २०१६ ला विधेयक पार पडलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात दवे यांचं निधन झालं. नियमांचा मसुदा फेब्रुवारी २०१८ मध्ये राजपत्रात आला, हरकतींसाठी ३० दिवस देऊन. अंतिम नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले. त्यांत ग्रामसभा आली, पण सल्लामसलतीपुरती, आणि ग्रामसभेऐवजी वन समितीशी बोलूनही भागेल अशा सोयीने.

वन समिती म्हणजे काय, हे गावाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. संयुक्त वन व्यवस्थापनात गावाची समिती असते, अध्यक्ष गावचा, पण सचिव वनखात्याचा आणि बँकेतलं खातं दोघांचं मिळून. वनखात्याला जी समिती ‘गाव’ म्हणून भेटते, तिचे कागद वनखात्याचाच माणूस लिहितो. सगळ्याच समित्या वाईट असं अजिबात नाही, काही ठिकाणी चांगल्या वनरक्षकाने गावाला उभं केलंय. पण ज्याला परवानगी हवी, तोच परवानगीचा ठराव लिहिणार, ही रचना कुठल्याही सोसायटीच्या लेखापरीक्षणात चालली नसती.

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांना दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले.

आता वर्धा जिल्ह्यात यावं. आठ तालुक्यांचा हा जिल्हा देशाला सेवाग्राम आणि पवनारमुळे माहीत आहे. जंगलाचा जिल्हा म्हणून त्याची ओळख नाही, कारण शेजारी गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट असल्यावर वर्ध्याच्या जंगलाकडे कोण बघतो? पण सेलू तालुक्यातलं बोर १९७० पासून अभयारण्य आहे, सुरुवातीला ६१ चौरस किलोमीटरचं. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. कारभार पेंचच्या क्षेत्र संचालकांकडे, म्हणजे नागपुरात. बोरपासून कारंजा, आर्वीच्या टेकड्यांपर्यंत जंगल तुटक तुटक पसरलंय आणि त्याच्या कडेने गोंड, कोलाम, नंदगवळी यांची गावं आहेत. खालून समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून गेला. रस्ता असो की दुसरा कुठला प्रकल्प, वनजमीन लागली की त्याची किंमत वर सांगितलेल्या निधीत जमा होते.

इथे नंदगवळ्यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ही मंडळी गवळाऊ गाई पाळतात. पांढरी, बंडीला चालायला चपळ अशी ही जात याच भागातली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्रही आहे. गवळाऊ टिकली ती गोठ्यातल्या ढेपीवर नाही, तर टेकडीवरच्या गवतावर. आता समजा, भरपाईच्या पैशातून त्या टेकडीवर रोपवन घेतलं. रोपं जगवायची म्हणून कुंपण आलं, चराईबंदी आली, काही वर्षं गुरं आत नाहीत. कागदावर हे संवर्धनच आहे. खड्डे मोजता येतात, रोपं मोजता येतात. गवत कमी झालं, म्हणून गुरं विकली, म्हणून एक देशी जात घटली, हा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि ज्याला आपण उघडं माळरान म्हणतो तेच काळवीट, तणमोरासारख्यांचं घर असतं, तिथे झाडं लावणं ही मदत नव्हे. हे गुराख्याला कळतं. सल्लामसलत करायची ती यासाठी.

वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केलाय, फिरत्या पशुपालकांचाही. पण नंदगवळी अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या दारातून जावं लागतं, आणि त्या दारावर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा मागतात. ज्याचं आयुष्य गुरांमागे गेलं त्याने १९३० चा कागद कुठून आणायचा? कायद्यात वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरलाय, हे अनेक कचेऱ्यांत सांगावं लागतं.

आणखी एक अडचण फक्त वर्ध्यासारख्या जिल्ह्यांची. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांतले काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे पेसा कायदा लागू आहे, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना जातो, ग्रामसभांना तेंदू-बांबूवर हक्क आहेत. वर्धा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. आर्वीतल्या कोलाम पोडाला (वस्तीला) आणि मेळघाटातल्या कोरकू गावाला जंगल सारखंच लागतं, पण कायद्याचे दरवाजे सारखे नाहीत. म्हणून इथल्या गावांच्या हाती उरतात दोन गोष्टी : वनहक्क कायद्यातला सामूहिक हक्क आणि रोहयोचा नमुना ४.

गंमत अशी, की हे सगळं ज्या विचारातून आलं त्याचा बराचसा भाग वर्ध्याचाच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी १९४० च्या दशकात मांडलं होतं की जंगलाचा कारभार महसुलासाठी नव्हे, लोकांच्या गरजेसाठी व्हावा. पवनारच्या विनोबांनी ग्रामदानाची मांडणी केली आणि महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदान कायदा केला. बाबा आमटे याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं त्यात ते होते. पण या विचाराचं पीक वर्ध्यात कमी आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवर जास्त आलं. याचं कारण शोधणाऱ्याने जरूर शोधावं. माझा तर्क इतकाच, की वर्ध्यात संस्था भरपूर झाल्या आणि गावं त्या संस्थांकडे बघत राहिली.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे त्याचं ठळक उदाहरण. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सर्वोदयाच्या परंपरेतले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवत राहिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता. परवान्याशिवाय माल बाहेर काढता येत नाही, म्हणजे हक्क पाटीवर आणि किल्ली खात्याकडे. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दिवसापासून बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात. पुढे २०१३ मध्ये मेंढ्याने विनोबांचा ग्रामदान कायदाही लागू करून घेतला, म्हणजे पवनारचं बियाणं धानोरा तालुक्यात रुजलं. चंद्रपूरच्या पाचगावाने सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबू विकला, पण तेंदू तोडायचं थांबवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. उत्पन्न सोडून देणं हा निर्णय कुठलंही खातं सहजी घेत नाही.

अचलपूर तालुक्यातलं पायविहीर आपल्या विषयाला अधिक जवळचं. १९३ हेक्टर उजाड जंगल २०१२ मध्ये ग्रामसभेकडे आलं. ‘खोज’ संस्था सोबत होती. गावाने तिथे रोहयोतून चर खणले, झाडं लावली, राखण केली. सीताफळं लागली तेव्हा ती व्यापाऱ्याला न देता ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईत विकली. २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. म्हणजे १९७७ च्या कायद्यातून पुढे आलेली रोजगाराची हमी आणि २००६ चा जमिनीवरचा हक्क, दोन्ही एका गावात भेटले आणि काम झालं. भरपाईच्या त्या मोठ्या निधीची गरजही पडली नाही, हे विशेष.

वर्ध्याच्या काकडदऱ्याची गोष्ट वेगळी. आर्वी तालुक्यातली ही कोलामांची छोटी वस्ती. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ती राज्यात पहिली आली आणि ५० लाखांचं बक्षीस मिळालं. उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांत लोकांनी चर खणले, बांध घातले. टीव्हीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण एक प्रश्न राहतो. ज्या कामाला १९७७ च्या कायद्याप्रमाणे मजुरी मिळायला हवी, ते काम राज्यातल्या सर्वांत गरीब माणसांनी श्रमदानाने करायचं आणि स्पर्धेत पहिलं यायचं, ही व्यवस्था किती गावांना पुरेल? स्पर्धेने गाव जागं होतं, ते खरंच आहे. पुढच्या दहा वर्षांची डागडुजी, गाळ काढणं, राखण यांना मात्र दरवर्षी येणारा पैसा लागतो, आणि तो कायद्यातूनच येतो.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत १९६४ मध्ये एक कायदा झाला आणि १९६८ च्या दुरुस्तीने त्याचा मुख्य आधार ठरला : समुद्रात तेल काढणाऱ्या कंपन्यांकडून मिळणाऱ्या रकमेतला ठरावीक भाग उद्यानं, जंगलं, नद्यांसाठी वापरायचा. आपल्या भरपाई निधीसारखाच तर्क, निसर्गातून काढलेल्या पैशाचा वाटा निसर्गाला. वर्षाला ९० कोटी डॉलरपर्यंत तरतूद, पण पन्नासहून अधिक वर्षांत पूर्ण रक्कम क्वचितच मिळाली, बाकी काँग्रेसने दुसरीकडे वळवली. शिकारी, मासेमार, गिर्यारोहक, छोट्या गावांतले दुकानदार अशा परस्परांशी फारसं न पटणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं आपापल्या खासदाराच्या मागे लागून शेवटी २०२० मध्ये ही रक्कम कायमची बांधून घेतली. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने इंधनावरच्या करातला हिस्सा जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला द्यायला सुरुवात केली. तिथे पैसा राखणाऱ्याच्या थेट खात्यात जातो, हा फरक आपल्याकडच्या वाचकाने लक्षात घ्यावा.

वर्ध्यातल्या गरमसूरसारख्या एखाद्या जंगलाकडेच्या गावाला आज काय करता येतं? दिल्लीतला कायदा बदलण्याची वाट बघायची गरज नाही. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत एक तरतूद आहे, ती फार कमी गावांत वाचली गेलीये. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाच्या समितीने जंगलाचा स्वतःचा संवर्धन आराखडा करायचा आणि तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडायचा. जोडताना बदल करायचे झाले, तर ते समितीला आवश्यक वाटतील तसे. वनखात्याला नव्हे, समितीला. कुठल्या माळावर गवत राखायचं, कुठे झाडं लावायची, गुरांची वाट कुठून ठेवायची हे या आराखड्यात लिहिलं आणि ग्रामसभेने ठरावाने मंजूर केलं, तर भरपाईच्या निधीतून रोपवन घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला एक कागद तयार होतो. त्या निधीचे २०१८ चे नियम निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेतले किमान ८० टक्के जंगल आणि वन्यजीव व्यवस्थापनावरच खर्च करा म्हणतात. गवत सुधारणं, झरे मोकळे करणं, वणवा रोखणं हे व्यवस्थापनच आहे.

त्यासाठी आधी सामूहिक दावा मंजूर असावा लागतो, त्याचा नकाशा हातात असावा लागतो, आणि ठराव ग्रामसेवकाच्या वहीत त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे, ‘नंतर लिहितो’ म्हणून राहिलेला ठराव चालत नाही. या निधीचा राज्याचा वार्षिक आराखडा एकदा मंजुरीसाठी वर गेला की वर्षभर त्यात गावाला शिरता येत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ग्रामसभा ठरलेल्या आहेत. पावसाळा संपलेला असतो, गवत उभं असतं, आणि माळ नजरेसमोर असतो, म्हणून या कामाला २ ऑक्टोबरची सभा सोयीची. झेंडावंदन नसल्याने त्या दिवशी गर्दी कमी असते. त्यामुळे आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन गणपूर्तीची सोय करावी लागते, आणि गुराख्यांना संध्याकाळी वेळ असतो, म्हणून सभा दुपारी ठेवून चालत नाही.